पाटणचा बाजार कोणाचा होता?

शके 1128, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा. त्या रात्री चंद्राला ग्रहण लागले होते. ग्रहणकाळी दिलेले दान अक्षय असते ही श्रद्धा जुनी. निकुंभ घराण्याचा राजा सोइदेव याने तीच वेळ धरली आणि पाटण गावात, सर्व लोकांच्या समक्ष, हातावर पाणी सोडून एका मठाला दान दिले. इंग्रजी तारीख येते 9 ऑगस्ट 1207. शिलालेख लिहिणारा एवढे सांगून थांबला असता, तर खानदेशच्या इतिहासात पाटणला एका ओळीपलीकडे जागा मिळाली नसती. तो थांबला नाही. संस्कृत मजकूर आटोपल्यावर त्याने सरळ मराठी धरली आणि बाजाराचा हिशेब कोरला. कोणत्या मालावर किती घ्यायचे, ते कोणाकडून घ्यायचे आणि आजवर ते कोणाचे होते, हे सगळे त्या दगडावर आहे.

पाटण आज चाळीसगाव तालुक्यात आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला सुमारे 18 किलोमीटरवर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत चंडिकेचे, म्हणजे आपल्या पाटणादेवीचे देऊळ आहे. नवरात्रात तिथे खानदेशभरातून माणसे येतात. एरवी भोवताली गौताळा अभयारण्याचे रान असते, ओढ्यांचे पाणी असते आणि जुन्या महादेव मंदिराचे कोरीव दगड असतात. इथे बाजारपेठ होती, हे सांगितले तरी नव्या माणसाला खरे वाटत नाही. पण डोंगर चढून वर गेले की देवगिरी आणि पैठणचा मुलूख सुरू होतो, आणि खाली उतरले की गिरणा-तापीचे काळे रान. घाटाच्या पायथ्याशी जनावरे विसाव्याला थांबतात, ओझी उतरतात, माल हात बदलतो. पाटण त्यामुळे वसले. वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, सोइदेवाच्याही हजाराहून अधिक वर्षे आधीची. तिथे देणगीदारांची नावे कोरलेली आहेत: गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला पैठणचा मितदेव, तसेच राजवैद्य मगिल आणि त्याची मुले. व्यापाऱ्यांच्या आणि वैद्यांच्या घराण्यांनी या वाटेवर पैसा खर्च करावा आणि आपले नाव दगडात ठेवावे, ही रीत इथे सोइदेवाने सुरू केली नव्हती.

पाटणचा लेख प्रसिद्ध आहे तो भास्कराचार्यांमुळे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये भारतीय ज्योतिर्विदांवरच्या आपल्या निबंधात तो जगापुढे आणला, पुढे कीलहॉर्नने त्याचे नीट संपादन केले. लेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून सुरुवात करून तो गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर असा उतरत भास्करापर्यंत येतो. भास्कराचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपालाने त्याला सर्व शास्त्रांत निष्णात जाणून याच गावातून नेले आणि आपल्या पंडितांचा अग्रणी केले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे आणि इतर ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे, म्हणून त्याने पाटणला मठ काढला. सोइदेवाने दान दिले ते याच मठाला. मठ आपल्या गुरूने काढलेला आहे, असे लेख सांगतो.

या वंशावळीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. एकाच कुळातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गणित करतात आणि नातू आजोबांच्या ग्रंथासाठी पाठशाळा काढतो, ही खानदेशाने मिरवावी अशीच गोष्ट आहे. माझे म्हणणे एवढेच की आपण दगडाचा वरचा अर्धा भाग वाचला आणि खालचा भाषेच्या अभ्यासकांवर सोडून दिला. जुन्या मराठीचा नमुना म्हणून त्या ओळी पाठ्यसंग्रहांत गेल्या, विभक्तिप्रत्यय मोजले गेले. त्यांत एका शहराचा कारभार लिहिलेला आहे, इकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

आधी राजघराणे पाहू. निकुंभ स्वतःला सूर्यवंशी म्हणवत. खानदेशातल्या सोळाशे गावांवर त्यांची सत्ता होती आणि ते देवगिरीच्या यादवांचे मांडलिक होते. पाटणलाच त्यांचा आणखी एक लेख आहे, शके 1075 चा, म्हणजे 1153-54 च्या सुमाराचा. राजा इंद्रराजाने शिवमंदिराचे काम काढले आणि ते पुरे होण्याआधीच तो गेला. मुलगा गोवन लहान होता. राज्याचा कारभार राणी श्रीदेवीने हाती घेतला आणि नवऱ्याने अर्धे सोडलेले देऊळ तडीला गेले. सोळाशे गावांचा मुलूख, वर बलाढ्य यादव, शेजारी गुजरात आणि माळव्याचे राजे, आणि गादीवर अल्पवयीन मूल; अशा वेळी या बाईने राज्य सांभाळून मुलाच्या हाती दिले. तिच्याविषयी याहून अधिक लिहिलेले मिळत नाही, पण घराणे टिकले ते तिच्यामुळे, असे मला वाटते. गोवनाचे मुलगे सोइदेव आणि हेमाडिदेव. सोइदेवानंतर त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव गादीवर आला आणि मठाचे दान त्यानेही पुढे चालवले.

असेच आणखी एक घराणे पाटणपासून जवळच, चाळीसगावच्या पलीकडे वाघळीला होते. शके 991 चा, म्हणजे 1069 चा तिथला लेख गोविंदराज नावाच्या मौर्य राजाचा आहे. हे मौर्य मूळचे सौराष्ट्रातल्या वलभीचे, असे तो लेख सांगतो. तेही यादवांचे मांडलिक. खानदेशात अकराव्या-बाराव्या शतकात अशी छोटी राजघराणी डोंगर-नदीच्या आधाराने उभी होती आणि प्रत्येकाने देऊळ, अन्नछत्र, मठ यांच्या निमित्ताने आपली नोंद ठेवली. पण या घराण्यांच्या सावलीत गावांतले व्यापारी कसे जगत होते, हे वाघळी सांगत नाही. ते पाटण सांगते.

आता तो हिशेब. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावर ग्राहकाकडून राउळाला, म्हणजे राजवाड्याला जो भाग मिळत असे, तो मठाला दिला. माल विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना ब्रह्मोत्तर मिळे. ते ब्राह्मणांनी दिले. घोड्यामागे ग्राहकाकडून दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा घ्यायचा. तो नगराने दिला. बैलांच्या व्यवहारावरचे देणे वेगळे, बाहेरून येणाऱ्या जनावरांवरचे वेगळे. ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या. घाण्यावरचे पहिले तेल मठाचे, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांनी प्रत्येकी पळी-पळी तेल द्यायचे. जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे. मापाईचा अर्धा वाटा मठाचा आणि अर्धा मापाऱ्याचा.

या यादीत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती देणाऱ्यांची नावनिशी. दान सोइदेवाचे म्हणून आपण वाचतो, पण बाजारातली सगळी आवक सोइदेवाची नव्हतीच. त्याच्या वाट्याचे त्याने दिले. ब्राह्मणांचा वाटा ब्राह्मणांच्या संमतीने गेला. आणि तिसरा हात नगराचा. घोड्यामागचा विसोवा राजा देऊ शकत नव्हता, कारण तो त्याचा नव्हताच. तो नगराचा होता, म्हणून नगराने तो दिला आणि दगडावर तसे लिहिले गेले. नगर इथे घरे-रस्त्यांचा समूह नाही. त्याला उत्पन्न आहे, ते सोडण्याचा अधिकार आहे आणि राजाच्या शेजारी दाता म्हणून उभे राहण्याची प्रतिष्ठा आहे. सर्व लोकांच्या समक्ष हातावर पाणी सोडले, असे लेख म्हणतो तेव्हा त्या लोकांत हे नगर नुसते साक्षीला नव्हते, देणाऱ्यांत होते.

हे नगर कोणाचे? लेखात त्याच्या सभासदांची नावे नाहीत. पण त्या काळच्या दख्खनमध्ये अशी नगरे अनोळखी नाहीत. कोकणच्या शिलाहारांची दानपत्रे अधिकाऱ्यांबरोबर नगर, पौर आणि हंजमान यांनाही उद्देशून असत. हंजमान म्हणजे बंदरातल्या परदेशी व्यापाऱ्यांचा समुदाय. कोल्हापुरात निंबदेवाने बांधलेल्या रूपनारायण बसदीला, म्हणजे जैन मंदिराला, 1136 च्या सुमारास व्यापाऱ्यांच्या मोठ्या संघाने आपल्या मालावरचे कर लावून दिले, आणि त्यात वीर-बणंज म्हणवणारे अय्यावळेच्या संघाचे व्यापारी होते. म्हणजे बाजारातल्या प्रतिष्ठित घराण्यांनी एकत्र बसावे, आपसांत दर ठरवावा आणि तो धर्मकार्याला लावावा, ही दख्खनची चालती रीत होती. पाटणचे नगर त्याच जातकुळीचे.

पाटणच्या दानाच्या सुमारास दूर जर्मनीत न्युरेम्बर्ग नावाच्या शहरात काय चालले होते, ते शेजारी ठेवून पाहावे असे आहे. 1219 मध्ये, पाटणच्या ग्रहणानंतर 12 वर्षांनी, सम्राट दुसरा फ्रेडरिक याने न्युरेम्बर्गला सनद दिली. शहराला द्राक्षमळे नाहीत, जलमार्ग नाही, जमीन खडकाळ आहे, म्हणून त्याला सवलती, अशी तिची भूमिका. राजाखेरीज कोणी या शहराचा धनी नाही, हे तिने मान्य केले. आणि एक कलम असे की राजाने कर मागितला तर नागरिकांनी तो एकेकट्याने देऊ नये, सर्वांनी मिळून, ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे द्यावा. 1256 पासून तिथे नगरसभेची नोंद सापडते. तुखर, इमहोफ, हालर, बेहाइम अशी व्यापारी घराणी त्या सभेत पिढ्यान्‌पिढ्या बसली. 1348 मध्ये कारागिरांनी बंड करून सभा उलथवली. पुढच्याच वर्षी सम्राटाच्या पाठबळाने जुनी घराणी परत आली आणि कारागिरांना आपले संघ करण्याचीही बंदी झाली. पुढे धाकट्या सभेतल्या 42 जागांपैकी 8 कारागिरांना मिळाल्या, तरी कारभाराची सूत्रे घराण्यांकडेच राहिली. 1427 मध्ये शहराने शेजारच्या सरदाराचा किल्ला आणि त्याचे हक्क विकत घेतले. 1521 मध्ये नगरभवनातल्या नृत्याला कोणत्या घराण्यांना बोलवायचे याची यादी करून ठेवली आणि त्या यादीबाहेरच्यांना सभेची दारे जवळजवळ बंद झाली. 1806 पर्यंत ही व्यवस्था चालली.

सुरुवात इतकी सारखी आणि शेवट इतका वेगळा का? न्युरेम्बर्गचे व्यापारी अधिक हुशार होते, असे मला वाटत नाही. पाटणच्या नगराला आपला विसोवा मोजता येत होता, सोडता येत होता. मापाची शिस्तही होती. सगळ्या गावाने एका मापाने मोजावे, हा नियम घालायला लागणारी सत्ता लहान नसते. न्युरेम्बर्गची सभासुद्धा वजनमापांवरच शहर राखून होती. फरक मला त्या सनदेतल्या एका कलमात दिसतो: कर सर्वांनी मिळून द्यावा. एकदा कर सामाईक झाला की तो गोळा करायला सामाईक तिजोरी लागते, तिजोरीला राखणदार लागतात, राखणदारांना हिशेब द्यावा लागतो, आणि हळूहळू तिजोरीभोवती शहर उभे राहते. आपल्याकडे उलट झाले. बाजारातले उत्पन्न हळूहळू एकेका घराण्याचा वंशपरंपरेचा हक्क बनत गेले.

ते कसे झाले हे पाहण्यासाठी पाटण सोडून पुढे यावे लागते. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरी दिल्लीच्या सुलतानांच्या हाती गेली. निकुंभांचे नाव त्यानंतर ऐकू येत नाही. 1370 मध्ये फिरोज तुघलकाकडून मलिक राजाला थाळनेर मिळाले आणि त्याच्या फारुकी वंशाने तापीकाठी राज्य वाढवले. पुढे बुऱ्हाणपूर वसले आणि व्यापाराचा ओघ घाटावरून हलून तापीच्या खोऱ्याला लागला. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी चालली आणि पेठा त्या वाटेवर फुगल्या. थाळनेरच्या फारुकींच्या कबरी अजून त्या काळाची साक्ष देतात. पाटण आडवाटेला पडले. जनावरे थांबेनात, मग घाणे थांबले असतील, आणि मठही. गाव उठले आणि रान वाढले.

1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी संपले. मोगलाईत खानदेशच्या पेठा भरभराटीला आल्या. धरणगावला कापडाचा इतका व्यापार होता की 1674 मध्ये इंग्रजांनी तिथे वखार घातली. दुसऱ्याच वर्षी ती मराठ्यांनी लुटली. 1679 मध्ये खुद्द शिवाजी महाराजांच्या फौजांनी धरणगाव आणि चोपडा लुटले, कारण मोगलांची श्रीमंती तिथे साठलेली होती. लढाई मोगलांशी होती, पण ओझे पेठेवर पडले. ज्या पेठेला स्वतःची भिंत नाही, स्वतःची फौज नाही, तिने धन जमवायचे आणि राजे त्यासाठी आपसांत लढायचे, हा प्रकार पुढे शंभर-सव्वाशे वर्षे चालू राहिला.

या पेठांत कारभार कोणाचा? गावाला पाटील-कुलकर्णी, परगण्याला देशमुख-देशपांडे, तसे पेठेला शेटे-महाजन. शेट्याने बाजार भरवायचा, दुकानाला जागा नेमून द्यायची, नवा व्यापारी आणून वसवायचा, दर आणि माप पाहायचे, व्यापाऱ्यांच्या आपसातल्या तंट्यांत बसायचे. महाजनाने त्याच्या जोडीला राहून लिहायचे, मोजायचे. नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देई, काही वर्षे करमाफी देई, आणि पेठ वसवणाऱ्याला शेटेपण वतन करून देई. या कामाच्या बदल्यात शेटे-महाजनांना बाजारातून हक्क मिळत. वाण्याकडून धान्याची मूठ, पसा. तेल्याकडून तेल. पानसुपारी. आणि दसऱ्या-होळीचा मानपान.

तेल आणि सुपारी पाहून पाटणचा दगड आठवल्यावाचून राहत नाही. पाच-सहाशे वर्षांत बाजाराच्या देण्याचे जिन्नससुद्धा बदलले नव्हते. बदलला होता घेणारा. पाटणला विसोवा नगराचा होता आणि नगर तो एका हाताने देऊ शकत होते. शेटे-महाजनांच्या पेठेत मूठ-पसा एका घराचा झाला होता. घराचा झाल्यावर तो भावाभावांत वाटला जाई, निम्मा, चौथाई, आठवा असे तुकडे पडत, गहाण पडे, विकला जाई, आणि वडीलकी कोणाची यावरून दोन-दोन पिढ्या भांडण चाले. हे भांडण मिटवायला गोतसभा बसे, साक्षी होत, महजर म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जाई. त्या महजरांवर पाटलांच्या, बलुतेदारांच्या, व्यापाऱ्यांच्या निशाण्या असत. न्याय करण्याची, एकत्र बसण्याची सवय आपल्याला पुरेपूर होती. पण सगळ्यांनी बसून सोडवायचा तो प्रश्न बहुधा हा असे की अमक्या घराचा हक्क अमक्याला द्यावा की तमक्याला. शहराची तिजोरी हा प्रश्नच पुढे येत नसे.

एखाद्या घराण्याने सगळ्या शहरासाठी उभे राहिल्याचा दाखला शेजारच्या गुजरातेत आहे. 1725 मध्ये हमीदखान आणि त्याच्या मराठा साथीदारांनी अहमदाबादेत धुमाकूळ घातला होता. त्या साथीदारांत कंठाजी कदमबांडे होते. त्यांच्या घराण्याची मुळे आपल्या खानदेशात रुजलेली आहेत. अहमदाबादचा नगरशेठ खुशालचंद, शांतिदास झवेरींच्या वंशातला, त्याने स्वतःच्या पदरचा पैसा देऊन शहर लुटीतून वाचवले. शहराच्या व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेने काय दिले? बाजारात येणाऱ्या मालावर शेकडा चार आणे, त्याला आणि त्याच्या वंशजांना. हा प्रसंग वाचताना ऊर भरून येतो, आणि तो पुन्हा तिथेच येऊन थांबतो. शहर वाचले, पण त्याबद्दलचा करही शहराच्या पेटीत न जाता एका घराला लागला. न्युरेम्बर्गचा तुखर शहराच्या तिजोरीचा अधिकारी म्हणून सत्तावान होता. इकडचा नगरशेठ स्वतःच्याच तिजोरीने मोठा होता, आणि त्याच्यावर संकट आले तर शहराची मोठेपणाची जागा रिकामी पडणार होती.

न्युरेम्बर्गची घराणी मी आदर्श म्हणून मांडत नाही. कारागिरांचे बंड मोडून, त्यांचे संघ बंद करून त्यांनी सत्ता टिकवली होती. आणि पाटणच्या दगडावरसुद्धा एक बाजू मुकी आहे. विसोवा ग्राहकाने दिला, तेल घाणेवाल्याने दिले, सुपाऱ्या खरेदीला आलेल्या माणसाने दिल्या. हे लोक सर्व जनांत उभे असतीलही, पण दाता म्हणून त्यांचे नाव नाही. राउळ, ब्राह्मण आणि नगर या तिघांनी आपापले हक्क सोडले, तरी तेल्याची पळी सुटली नाही. तिने फक्त मठाची वाट धरली. सगळ्या दगडात कष्टकऱ्याच्या बाजूने एकच वाक्य आहे, ते मापाऱ्याचे. मापाईतला अर्धा वाटा त्याच्याकडेच राहिला. माप धरून उभा राहणाऱ्या माणसाचा वाटा दगडावर कोरला जावा, हे मला त्या काळाचे मोठेपण वाटते.

एकोणिसावे शतक उजाडले ते खानदेशासाठी सर्वांत वाईट दिवस घेऊन. होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यावर 1803 चा दुष्काळ, यांत धुळे पूर्ण उठले. पांझरेकाठचे ते गाव रिकामे झाले. पेशव्यांनी लळिंग आणि सोनगीर हे परगणे विंचूरकरांना दिलेले होते. विंचूरकरांचा आश्रित बाळाजी बळवंत याने दुसऱ्याच वर्षी धुळे पुन्हा वसवायला घेतले. त्याने ते काम तडीला नेले आणि मोबदल्यात विंचूरकरांकडून इनाम जमीन आणि इतर हक्क मिळवले. पुढे दोन्ही परगण्यांचा कारभार त्याच्या हाती आला आणि त्याने ठाणे धुळ्यातच केले. 1818 मध्ये कंपनी सरकार येईपर्यंत तोच इथला कर्ता होता. उजाड गावात माणसे परत आणणे सोपे नसते. भिल्लांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धास्तीत कोण घर बांधणार? त्या माणसाने लोकांना विश्वास दिला. आजच्या धुळ्याने त्याची आठवण ठेवावी, असे मनापासून वाटते. पण हाही प्रकार जुन्याच वळणाचा. एका माणसाने गाव वसवले आणि गावाच्या उत्पन्नातला वाटा एका माणसाला मिळाला.

कॅप्टन ब्रिग्जने 1818 मध्ये नव्या खानदेश जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये बागायतीने वेढलेले छोटे गाव, असे त्याने त्याचे वर्णन केले आहे. 1819 मध्ये धुळ्यात 401 घरे आणि 2,509 माणसे होती. ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला दूरवरून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना आणि इतरांना कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, पक्की घरे बांधायला जुन्या रहिवाशांना आणि नव्या आलेल्यांना उसनवार रकमा दिल्या. शेट्याने जे काम कौल घेऊन करायचे, ते आता सरकारी अधिकारी करू लागला. जागा नेमून देण्याचा अधिकार पेठेतल्या घराकडून कचेरीकडे गेला. बाजारातले जुने हक्क कंपनीने आणि नंतर राणीच्या सरकारने हळूहळू मोडले, काहींचा रोख मोबदला ठरवून दिला.

1862 मध्ये धुळ्याला नगरपालिका झाली, 1864 मध्ये जळगावला. जळगाव तोवर लहानच गाव होते. रेल्वे आणि कापूस यांनी त्याला पुढे मोठे केले. या पालिका मुंबई इलाख्यात 1850 च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीच्या होत्या. सभासद सरकार नेमी आणि वरचष्मा कलेक्टरचा असे. निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण लॉर्ड रिपनच्या काळानंतर, 1880 च्या दशकात वाढू लागले. नेमलेल्या सभासदांत पेठेतली वजनदार घराणीही बसत, पण शहरात येणाऱ्या मालावरची जकात आता त्यांच्यापैकी कोणाच्याच घरी जात नव्हती. ती पालिकेच्या खात्यात जमा होई, तिथून रस्ता, दिवाबत्ती, विहीर, शाळा यांवर खर्च पडे आणि त्याचा जमाखर्च वर्षाला मांडावा लागे. खानदेशातल्या बाजाराचा पैसा पुन्हा नगराच्या नावावर पडू लागला होता.